पाच खोल्या, पाच बुचं

बाबा, तुमचं बरोबर होतं. सगळंच्या सगळं. ते लांबुळकं धूड पाण्याचंच होतं, ती बिनबुडाची पिशवी पाण्यातला ब्रेकच होती, आणि ज्या इमानावरून, म्हणजे विमानावरून, अख्खं वाशीम तुम्हाला हसलं ते खरोखर पाण्यावर उतरत होतं नि पाण्यावरूनच उडत होतं. हे माझ्या पदरचं नाही. माझ्या नातीने, म्हणजे तुमच्या पणतीने, तुम्ही मला दिलेल्या पितळी बुचाचे फोटो काढले आणि परदेशातल्या कुठल्याशा म्हाताऱ्यांना पाठवले. जुन्या समुद्री विमानांचे बेवारस सुटे भाग ओळखून सांगायचे, हा त्या लोकांचा निवृत्तीनंतरचा छंद आहे म्हणे. मी आठवेल तसं सांगत गेले, ती लिहीत गेली. दोन दिवसांत उत्तर आलं. दोन दिवसांत, बाबा! तिने वाचून दाखवलं आणि मी उठून देवाजवळ जाऊन बसले. ती विचारत राहिली, आजी, काय झालं? काय सांगू तिला? तुम्हाला मात्र सांगायचंय, आणि सांगायचं ते लवकर तोंडातून निघणारं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही जिनातले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातले, मिस्त्री. कापसाचा हंगाम संपला की जिनातलं एकेक यंत्र खोलायचं, पुसायचं, तेल पाजायचं आणि दसऱ्यानंतर नवा कापूस यायच्या आत पुन्हा उभं करायचं, हे तुमचं काम. शाळा चौथी, इंग्रजी शून्य. पाणी म्हणाल तर गावातला तलाव आणि पुरातली पैनगंगा, याच्यापलीकडे पाणी तुम्ही पाहिलेलं नव्हतं. समुद्र तर आपल्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. मोठी लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती. जिनाच्या शेठने मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून लष्कराचं भंगार मागवलं, त्यातून जिनाला पट्टे, पुल्या, पाइप असं काही कामाचं निघेल म्हणून. मी तुमची भाकर घेऊन स्टेशनवर आले तर हमाल मालगाडीच्या वाघिणीपासून दहा हात लांब उभे. आत पांढुरक्या पत्र्याचं, दीड माणूस लांब, दोन्ही टोकांना निमुळतं आणि पोटाखाली धार असलेलं एक धूड पडलेलं. "बाँब हाय मिस्त्री, हात लावू नोका," हमाल ओरडले. तुम्ही मात्र वाघिणीत चढता, वाकून त्याला कान लावता, आणि कलिंगड घेणारा वाजवतो तसे बोटाने टकटक करत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता. "बाँब असता तं गच्च भरून राह्यला असता. हे रिकामं हाय. रिकाम्या भांड्याले कायले भेता बे?" हमाल हसले, धूड उतरलं. तुम्ही काही हसला नाहीत. भाकर खाताना मला म्हणालात, "पोरी, आवाज चार जागी बदलला. आत चार भिंती हायेत. म्हंजे पाच खोल्या." मला त्यात काय एवढं ते कळलं नाही. मी म्हटलं, "मंग राहायले जाऊ काय आपन?" आणि तुम्ही भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवलात, गप्प बस या अर्थी.

तुमची एक रीत होती आणि सगळा घोळ त्या रीतीमुळे झाला. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची पूजा कुठेही होते. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ, की झालं. तुमच्या जिनात तसं नव्हतं. पाने, हातोडे, कानशी, छिन्न्या, सगळं तुम्ही फरशीवर ओळीने मांडायचात आणि एकेकाला कुंकू लावताना त्याचं काम मोठ्याने सांगायचात. हा पाना, बोल्ट सोडवते. ही कानस, धार काढते. ज्याचं काम सांगता आलं नाही त्याला कुंकू नाही. "काम माहीत नसताना पाया पडलं म्हंजे खुशामत झाली," असं तुम्ही शेठलासुद्धा तोंडावर सांगितलेलं. आता जिनाच्या अंगणात हे धूड येऊन पडलेलं, नवमीला महिना दीड महिना राहिलेला, आणि तुमची झोप उडालेली.

त्याच वर्षी नागपूरहून नवे म्यानेजर आले होते, पँटवाले, कागद शिकलेले. त्यांनी लांबूनच सांगून टाकलं, ही तेलाची टाकी आहे. शेठ खूश, इंजिनाचं तेल ठेवायची सोय झाली. तुम्ही टोपी काढून हातात घेतली, म्हणजे आता तुम्ही वाद घालणार हे आम्हाला कळायचं. "साहेब, तेलाले एक खोली पुरते. इथं पाच, अन् एकीतून दुसरीत जायले रस्ता नाई. वरून पाच झाकनं, खालून पाच बुचं. टाकी बांधनारा पाहते का तेल बाहेर कसं येईन. हे ज्यानं बांधलं त्याले भेव होतं का पानी आत येईन. एक खोली फुटली तरी बाकी चार तरंगल्या पाह्यजेत." म्यानेजर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही फार विचार करता." ते काही वाईट माणूस नव्हते, बाबा. त्यांना फक्त सवय नव्हती, आपल्याहून कमी शिकलेल्याचं ऐकायची.

मग ती पिशवी. त्याच भंगारात जाड हिरव्या किंतानाची एक पिशवी निघाली, तोंडाशी रुंद, कडीला दोर अडकवलेला, शेपटाकडे निमुळती आणि शेपटाला भोक. शेपटालाही एक बारीक दोर. शेठच्या वाडीवरच्या गड्याने ती पाहिली आणि आनंदाने उडीच मारली. "अरे, हे तं सोंडेची मोट हाय!" चूक तरी कशी म्हणायची? तोंडाला जाड दोर, सोंडेला बारीक दोर, आपल्या विहिरीवरच्या मोटेला असतात तसेच. विलायती मोट! पाऊस तीन आठवडे दडी मारून बसलेला, मिरचीला पाणी पाहिजे होतं. बैल जुंपले, पिशवी विहिरीत सोडली, बघायला निम्मा जिन गोळा झाला, मीही. बैल धावेच्या उतारावरून खाली जायला लागले आणि अडकले. गडी ओरडतोय, बैल फुरफुरतायत, दोर ताणून ताणून सतारीगत झालेला, आणि पिशवी पाण्यातून हलायला तयार नाही. आणि मग एकदम ती पाण्याबाहेर आली, सगळं पाणी सोंडेतून भसकन खाली गेलं, आणि ओझं गेल्याबरोबर बैल असे सुटले की गडी धावेवर तोंडावर आपटला. लोकांची हसून हसून पोटं दुखली. तुम्ही विहिरीच्या काठावर उकिडवे बसलेले, गंभीर. "पुन्हा टाक," तुम्ही म्हणालात. गडी म्हणाला, "कायले? माहा दुसरा गुडघा फोडाले?" पण त्याने टाकली, तुमचा शब्द मोडणारं तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्यांदाही तेच. तेव्हा तुम्ही गुडघ्यावर थाप मारलीत. "मोट पान्यात हलकी अन् बाहेर भारी. हे उलटं हाय! पान्यात भारी, बाहेर हलकं. हे पानी काढाले नाई बनवलं, हे पान्यात कोन्या गोष्टीले धरून ठेवाले बनवलं. हा ब्रेक हाय, पान्यातला ब्रेक."

परदेशातल्या म्हाताऱ्यांनी काय लिहिलं माहीत आहे? पाण्यावर उतरलेल्या विमानाला चाकं नाहीत, मग ब्रेक कुठला, म्हणून अशी पिशवी मागे पाण्यात सोडायचे. तुम्ही हे वाडीवरच्या विहिरीवर ओळखलंत. त्या उत्तराखाली एकाने तुमच्या मोटेच्या गोष्टीबद्दल लिहिलंय की चाळीस वर्षांत इतका चांगला खुलासा त्याने कुणाकडून ऐकला नाही. मी नातीला ते वाक्य तीनदा वाचायला लावलं.

तिसरी गोष्ट तुमच्या जिभेने शोधली. धुडाच्या सांध्यांत, खिळ्यांच्या डोक्याभोवती, पांढरं काहीतरी जमलेलं होतं. सगळे म्हणत चुना आहे, गंज आहे. एका रविवारी तुम्ही ते कागदात खरवडून घरी आणलंत, चुलीसमोर बसलात आणि बोट लावून चाटलंत. माय भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच थांबला. "अव माय! हा मानूस भंगार चाटून राह्यला! जीभ हाय का कानस?" तुम्ही ते बोट माझ्यापुढे केलंत. "तू चाटून पाय." मी चाटलं, कारण तुम्ही म्हणालात. मीठ होतं. तुमचे डोळे असे चमकले, बाबा, की मला अजून तसे डोळे दुसऱ्या कुणाचे दिसले नाहीत. "वाशीमच्या पान्यात मीठ असते काय?" मग तुम्ही मायच्या हातून परात ओढून घेतलीत, पीठ बाजूला, परातीत पाणी, त्यात एक मोठा वाडगा तरंगत ठेवलात आणि वाडग्यावर आडवं लाटणं. वाडगा एकीकडे कलंडायचा, लाटण्याचं टोक पाण्यात जायचं. मग तुम्ही लाटण्याच्या दोन्ही टोकांखाली दोन वाट्या सुतळीने बांधल्यात. आता कितीही हलवा, कलंडेना. "हे पाय. हा वाडगा म्हंजे इमानाचं पोट, हे लाटनं म्हंजे पंख. आपल्या जिनात आलं ते ही वाटी हाय, पंखाखालची. म्हंजे पोरी, जगात असं एक इमान हाय का जे समुद्रावर बसते." असं इमान असतं हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं, चित्रात दाखवलेलं नव्हतं. एका वाटीवरून तुम्ही अख्खं इमान उभं केलंत. माय म्हणाली, "इमान झालं असन तं मले लाटनं द्या."

जिनात सांगितलंत तेव्हा म्यानेजर मोठ्याने हसले. "मिस्त्री, विमान आकाशात उडतं. पाण्यात म्हशी बसतात." झालं! संध्याकाळपर्यंत ते बाजारात पोचलं आणि तुम्ही म्हशीच्या इमानाचे मिस्त्री झालात. पानठेल्यावर पोरं तुम्हाला पाहून हंबरायची. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. तुम्हाला एकच लागून राहिलेलं. तेलाची टाकी तर होत नाही, मग धूड कापून पत्रा काढावा, असं शेठच्या मनात आलेलं, आणि तुम्ही आडवे आलेले. "शेठ, बेवारस मयत बी पोलीस लगेच जाळत नाईत. ओळख पटू द्या." शेठ तुमचा मान ठेवत. म्हणाले, "मिस्त्री, कोई लिखके दे, तो रख लेंगे, पूजा भी करेंगे. नहीं तो नवमी के दुसरे दिन काटो." म्हणजे तुम्हाला साक्ष पाहिजे होती, तीही कागदावर, नवमीच्या आत.

आणि त्याच आठवड्यात मला पाहायला मंगरूळपीरहून पाहुणे आले. मुलाचे मामा पोहे खाता खाता गालात हसत म्हणाले, "म्हशीच्या इमानाचे मिस्त्री ते तुमीच काय?" दुसरा कुणी असता तर मान खाली घातली असती. तुम्ही उठलात, परात आणलीत, वाडगा, लाटणं, वाट्या, सगळं पाहुण्यांसमोर मांडलंत आणि अर्धा तास त्यांना समुद्र शिकवलात. मी दाराआड उभी राहून पदर दातात धरलेला. मला वाटलं धरणी दुभंगावी. आज वाटतं, काय माणूस होता! पोरीचं लग्न ठरतंय आणि याला वाट्यांची सुतळी नीट बसली का याची काळजी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला समोर बसवून पत्र सांगितलंत. गल्लीत इंग्रजी शिकलेली पोरगी मी एकटी, डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहिलं. मुंबईच्या त्या व्यापाऱ्याला: आपल्याकडून आलेली ही वस्तू समुद्रावर बसणाऱ्या विमानाच्या पंखाखालची आहे काय, ते कृपा करून लिहून कळवावं. धुडाच्या कपाळावर ठोकलेला नंबर होता, त्यावर तुम्ही कागद ठेवून पेन्सिल घासलीत आणि नंबर उठलेला तो कागद आत घातलात. मला वाटलं संपलं. तर तुम्ही म्हणालात, "अजून एक लिही. वरची दांडी, पंखाले जोडनारी, कापेल नाई, मोडेल हाय. तं ते इमान पडलं असन. त्यातले मानसं वाचले काय, ते बी कळवा." मी तेही लिहिलं. सगळं गाव तुम्हाला हसत होतं नि तुम्ही रात्रंदिवस जागत होतात ते जिंकायला नाही, हे मला तेव्हा समजलं. तुम्ही स्वतः तिकीट चिकटवलंत आणि लिफाफा माझ्या हातात दिलात, पेटीत टाकून ये म्हणून.

उत्तर आलं नाही. रोज दुपारी तुम्ही जिनाच्या फाटकाशी येऊन टपालवाल्याला विचारायचात. पुढे पुढे तो बिचारा जिनासमोरून सायकल जोरात काढायला लागला. "तूच कुठं पाडलं असन माहं पत्र," असं एकदा तुम्ही त्याला बोललात आणि त्यानंतर तुमचं त्याचं बोलणं बंद झालं. नवमी आली. हत्यारं मांडली, नारळ आले, शेठ आले, म्यानेजर आले. तुम्ही एकेकाचं काम सांगत कुंकू लावत गेलात आणि शेवटी त्या धुडापुढे उभे राहिलात. सगळे बघतायत. हातात कुंकवाची वाटी. मला वाटलं आता लावतील, तुम्हाला तर ठाऊक होतंच. तुम्ही वाटी खाली ठेवलीत. "मले माहीत हाय, पन माह्या माहितीले साक्ष नाई," एवढंच बोललात. हसायला आलेल्यांतलं कुणी हसलं नाही. दसरा झाल्यावर तुम्ही ते स्वतःच्या हाताने कापलंत, कारण दुसऱ्याने वेडंवाकडं कापलं असतं. खिळ्यांच्या ओळीने छिन्नी चालवत गेलात. पत्रा शेडवर गेला, नंबर पत्र्याबरोबर गेला. संध्याकाळी जेवताना म्हणालात, "बंबईवाल्याले आपल्यासारख्याच्या पत्राची काय गरज?" आणि त्यानंतर तुम्ही कधी कुणाला पत्र लिहवून घेतलं नाहीत. कुणाला काही विचारायचंच सोडलंत.

लग्न झालं, मंगरूळपीरलाच झालं. निघताना तुम्ही माझ्या मुठीत ते बूच ठेवलंत, पाचांतलं एक, चिंचेने घासून लख्ख केलेलं. "पानी शिरलं तं एका खोलीत शिरते, पोरी. बाकीच्या चार बंद ठेवजो." मला तेव्हा राग आला होता, सोन्याचा मणी द्यायचा सोडून बूच देतात! पंधरा वर्षांनी नवरा गेला, पदरात तीन लेकरं, तेव्हा ते वाक्य कामी आलं. एक खोली भरली होती, खरं आहे. बाकीच्या बंद ठेवल्या, मास्तरीण झाले, लेकरं वर काढली. बूच सतत जवळ होतं. मी बुडाले नाही, बाबा, त्यात तुमचा मोठा वाटा आहे.

आता ते सांगते. परदेशातल्या लोकांनी शेवटी विचारलं आहे, त्या वस्तूवर काही नंबर होता का? नंबर मिळाला तर विमान कुठलं, कुठे पडलं, त्यातल्या माणसांचं काय झालं, सगळं सांगू. नातीने मला विचारलं. मी म्हटलं, नव्हता. खोटं बोलले. नंबर आहे, माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली, तुमच्याच हाताने तिकीट चिकटवलेल्या लिफाफ्यात. मी ते पत्र पेटीत टाकलंच नव्हतं, बाबा. पेटीपर्यंत गेले होते, हात वर केला होता. मामांचं ते हसणं आठवलं. वाटलं, हे पत्र गेलं की तेच हसणं मुंबईहून लेखी येईल, मंगरूळपीरला कळेल, आणि लग्न मोडेल. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की तुमची आणखी शोभा होऊ नये म्हणून ठेवलं. तसं काही नाही. मला माझं लग्न वाचवायचं होतं. टपालवाल्याची चूक नव्हती, मुंबईवाल्याचीही नव्हती. तुम्ही त्या दोघांना दोष देत गेलात आणि मी समोर बसून तुम्हाला वाढत राहिले.

उद्या खंडेनवमी. बुचाला कुंकू लावीन आणि तुमच्यासारखं मोठ्याने सांगीन, हे बूच, पाण्यावर बसणाऱ्या इमानाचं, आत शिरलेलं पाणी काढून टाकते. साक्ष आली आहे. मग लिफाफा नातीच्या हातात देईन. ती विचारेल, आजी, हे तेव्हाच टाकलं का नाही? तिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पण तुमचा प्रश्न जाईल, ती माणसं वाचली काय ते कळेल. लिफाफा काढल्यावर ट्रंकेत जागा रिकामी होईल, तिथे हे पत्र ठेवते.